सातबारा दोनदा संगणकात गेला

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा प्रांत एकच. उपविभागीय अधिकाऱ्यांचं कार्यालय मंचरला, तहसील कचेऱ्या जुन्नरला आणि घोडेगावला. जमिनीच्या कामासाठी या तीन गावांच्या खेपा घातल्या नाहीत असं शेतकरी घर या भागात शोधूनही सापडणार नाही. सोसायटीचं कर्ज, विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याकडे उसाची नोंद, पीकविमा, वीजजोडणी, वाटणी, कोर्टातला दावा, सगळ्याला पहिला कागद लागतो तो सातबाऱ्याचा उतारा.

हा उतारा आज मोबाईलवर दिसतो आणि त्यामुळे बहुतेकांचा समज असा असतो की पूर्वी तो हाताने लिहिलेला असायचा, मग सरकारने वेबसाईट काढली आणि काम सोपं झालं. मधला एक टप्पा या हिशोबातून गळतो. वेबसाईट येण्याच्या बऱ्याच आधी, या शतकाच्या पहिल्या दशकात, तालुक्याच्या कचेरीत एक संगणकीय सेवा सुरू होती. खिडकीवर गाव आणि गट क्रमांक सांगायचा, शुल्क भरायचं आणि प्रिंटरमधून निघालेला छापील उतारा घ्यायचा. त्या काळी ती मोठीच सुधारणा होती. पुढे तीच सेवा कालबाह्य ठरली आणि शासनाला सगळं काम मुळापासून पुन्हा करावं लागलं. सातबारा दोनदा संगणकात गेला. पहिल्या खेपेला काय राहिलं आणि दुसऱ्या खेपेला काय बदललं, हे समजून घेतलं तर आज आपल्या उताऱ्यावर दिसणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

आधी कागदाविषयी. महसूल खात्याच्या गावपातळीवरच्या नोंदवह्यांना गाव नमुने म्हणतात. त्यातला ७ क्रमांकाचा नमुना म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाच्या नावावर, किती, कोणत्या धारणा प्रकाराची, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, इतर कोणाचा हक्क आहे का. १२ क्रमांकाचा नमुना म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन एकाच कागदावर वर-खाली छापले जातात, म्हणून सातबारा. एका माणसाच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र दाखवतो तो ८अ, म्हणजे खातेउतारा. आणि या सगळ्यांच्या पाठीमागे उभा असतो ६ क्रमांकाचा नमुना, फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, कर्ज चढलं की आधी फेरफार लिहिला जातो. तो मंजूर झाला की त्याचा परिणाम सातबाऱ्यावर उतरतो. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जे आकडे दिसतात ते या फेरफारांचे क्रमांक. सातबारा हा निकाल असतो, फेरफार हे त्या निकालाचं कारण.

जमिनीची नोंद ठेवण्याची या भागाची सवय जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत बौद्ध संघासाठी दिलेल्या जमिनींचे उल्लेख आहेत. एका लेखात एका शक उपासकाने करंजाची झाडं लावण्यासाठी एका गावातली २० निवर्तनं (निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप) आणि वडाच्या झाडांसाठी दुसऱ्या गावातली ९ निवर्तनं दिल्याचं कोरलेलं आहे. देणारा कोण, गाव कोणतं, क्षेत्र किती, कशासाठी: उताऱ्याला लागणारं बहुतेक सगळं त्या एका लेखात आहे. दगडावरच्या नोंदीत फक्त एक सोय नव्हती. जमीन हातोहात फिरू लागली की नोंदही फिरवावी लागते, आणि तिथून पुढची सगळी कहाणी ही नोंद ताजी ठेवण्याच्या धडपडीची आहे. इंग्रजांनी १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आणला, स्वातंत्र्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा कायदा आला आणि १९७१ च्या नियमांनी आजचे नमुने ठरवून दिले. नोंद ताजी ठेवण्याचं काम तलाठ्याकडे होतं. २०२४ पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठी हाच शब्द चालतो.

पहिलं संगणकीकरण केंद्राच्या योजनेतून आलं. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची ही योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला होता. पुढे ती राज्यभर पसरली. सॉफ्टवेअर पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने केलं. तलाठ्यांच्या दप्तरातले हस्तलिखित सातबारे पाहून माणसांनी ते टंकले, तालुक्याच्या संगणकात साठवले आणि तिथून छापील उतारे मिळू लागले. लाखो पानांचं हे काम प्रचंड होतं आणि ते ज्यांनी केलं त्यांची आठवण कोणी काढत नाही. दप्तरातलं अक्षर लावणं, पुसट शाई, फाटलेले कोपरे, नावांवर नावं लिहिलेली, आणि शेकडो कंस. नाव कमी करायचं असेल तर तलाठी त्याला कंस करत असे. ‘माझ्या आज्याला कंस केला’ असं लोक आजही सांगतात. टंकणाऱ्याच्या नजरेतून एक कंस सुटला की मेलेला माणूस पुन्हा खातेदार व्हायचा आणि एक कंस जास्त पडला की जिवंत माणसाचं नाव उडायचं.

तरीही चुका हा त्या व्यवस्थेचा सर्वात मोठा दोष नव्हता. चुका दुरुस्त करता येतात. खरा दोष असा होता की संगणकात गेलेला सातबारा हा खऱ्या सातबाऱ्याचा फोटो होता. मूळ नोंदवही तलाठ्याच्या दप्तरातच राहिली, फेरफारही तिथे हातानेच लिहिले जात राहिले. मंजूर झालेला फेरफार नंतर कधीतरी तालुक्याला जाऊन संगणकात भरायचा. काम साचलं की हा ‘कधीतरी’ महिनोन्महिने लांबायचा. त्यामुळे एकाच गटाचे दोन सातबारे तयार झाले, एक दप्तरातला आणि एक संगणकातला, आणि दोघांत फरक पडला की शेतकऱ्याने कोणत्या खिडकीवर भांडायचं हे ठरत नव्हतं. बँकेला छापील हवा असे, तलाठी म्हणे माझ्या दप्तरात वेगळं आहे.

शिवाय तो संगणक एकटा होता. उपग्रहावर चालणारं निकनेट हे सरकारी जाळं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलं होतं, पण तालुक्याच्या टेबलावरचं यंत्र बाहेरच्या जगाशी जोडलेलं नव्हतं. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदलं गेल्याचं त्याला कळत नसे. बँकेने बोजा चढवला तरी कळत नसे. आणि ते मराठी ज्या पद्धतीने साठवत होतं ती आजची युनिकोड पद्धत नव्हती. त्या वेळच्या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे संकेत त्या-त्या प्रणालीला आणि फाँटला बांधलेले असत. तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की ‘पांडुरंग’च्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसायचा. अशी माहिती वेबसाईटवर टाकायची म्हणजे आधी तिची लिपी नव्याने बसवावी लागणार होती.

जगात इतरत्रही अशीच गोष्ट घडली. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात सरकारी टेलिफोन खात्याने घरोघरी मिनिटेल नावाचे छोटे पडदे दिले, त्यावर दूरध्वनी क्रमांक, रेल्वेची वेळापत्रकं, बँकेचे व्यवहार चालत. सेवा उत्तम होती, पण ती स्वतःच्याच जाळ्यात बंद होती. इंटरनेट आलं, जग तिकडे गेलं आणि ३० जून २०१२ रोजी मिनिटेल बंद झालं. बंदिस्त सेवा कितीही चांगली असली तरी तिला एक दिवस दार उघडावं लागतं किंवा मिटावं लागतं. आपल्याकडे मिटून चालणार नव्हतं, कारण आत लोकांच्या जमिनी होत्या.

राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्याचंच नाव डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम झालं. त्यातून महाराष्ट्राने पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयामार्फत दुसरं संगणकीकरण हाती घेतलं. याचं नाव ई-फेरफार. नाव नीट पाहण्यासारखं आहे. पहिल्या वेळी सातबारा संगणकात घातला होता, या वेळी फेरफार घातला. म्हणजे निकालाचा फोटो काढण्याऐवजी निकाल जिथे तयार होतो ती जागाच यंत्रात आणली. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला सर्वात शहाणपणाचा निर्णय हाच.

पण ई-फेरफार सुरू करायचा तर ज्या सातबाऱ्यावर तो बसणार तो आधी बरोबर हवा. इथे खरी कसोटी लागली. एक साधं उदाहरण घेऊ. समजा गटाचं एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. तीन भाऊ, प्रत्येकाच्या नावावर ४० आर. त्यातल्या धाकट्याने २० आर विकले. घेणाऱ्याचं नाव २० आरसह चढलं, पण धाकट्याच्या नावासमोरचे ४० आर कमी करून २० करायचे राहून गेले. आता नावांपुढच्या क्षेत्रांची बेरीज येते १ हेक्टर ४० आर, आणि जमीन मात्र तेवढीच, १ हेक्टर २० आर. कागदाला याचं काही वाटत नाही. तलाठ्याला माहीत असतं, गावाला माहीत असतं, व्यवहार चालत राहतो. पहिल्या संगणकानेही ते जसंच्या तसं टंकून घेतलं, कारण त्याला फक्त अक्षरं छापायची होती. दुसऱ्या प्रणालीने मात्र बेरीज केली आणि ती जुळत नाही असं सांगून गट अडवून धरला.

वीस-तीस वर्षांपूर्वीची अशी चूक कोणाच्या बाजूने सुधारायची? त्यासाठी मूळ फेरफार शोधायचा, खरेदीखत पाहायचं, संबंधितांना नोटीस द्यायची आणि महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा दुरुस्ती आदेश घ्यायचा. एका गटाला इतकं, आणि राज्यात सातबारे अडीच कोटींहून अधिक. बेरीज न जुळणं हा चुकांचा फक्त एक प्रकार. एकाच माणसाची दोन-तीन खाती, फेरफार क्रमांक नसलेली नावं, संगणकात भरायचाच राहिलेला गट, पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीयोग्य नसलेलं क्षेत्र दोनदा धरलेलं, असे कितीतरी. त्यासाठी आधी ‘एडिट मॉड्युल’ आणि नंतर ‘रि-एडिट मॉड्युल’ आलं. हस्तलिखिताशी संगणकातली प्रत शब्दशः ताडून पाहायची, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करून खातेदारांना त्यांचे उतारे वाचून दाखवायचे, हरकती घ्यायच्या आणि शेवटी काम पूर्ण झाल्याची घोषणापत्रं तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सर्वांनी सह्यांनिशी द्यायची, अशी ती रीत होती. तलाठ्यांनी या काळात रात्री जागून काम केलं, कारण दिवसा सर्व्हरवर इतका ताण असे की पान उघडायला वेळ लागे. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हापासून इतकं रुळलं की आता त्याला कोणी मराठीबाहेरचं म्हणणार नाही.

नवी साखळी अशी चालते. जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदलं जातं. पूर्वी त्याची सूची क्रमांक २, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘इंडेक्स टू’, कागदावर तहसीलला आणि तिथून तलाठ्याकडे जायची. वाटेत ती किती दिवस थांबेल याचा नेम नव्हता, म्हणून खरेदीदार स्वतःच ती घेऊन तलाठ्यामागे फिरायचा. आता नोंदणीच्या सॉफ्टवेअरमधून माहिती थेट महसूलच्या प्रणालीत येते आणि फेरफाराची तयारी सुरू होते. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा त्याच क्षणी बदलतो. हरकत आली तर नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. त्या निर्णयाविरुद्ध अपील करायचं तर आपल्या दोन तालुक्यांतल्या माणसाला पुन्हा मंचरला प्रांतांकडे जावं लागतं. कायद्याचा हा भाग तसाच राहिला आहे आणि तो तसाच राहायला हवा, कारण दोन भावांमधला वाद सोडवायला ऐकून घेणारा माणूस लागतो.

या साखळीतली एक सोय फारशी कोणाला माहीत नसते. फेरफाराची नोटीस पूर्वी गावच्या चावडीवर चिकटवली जायची. आता ‘आपली चावडी’ या नावाने ती इंटरनेटवर दिसते. जुन्नर-आंबेगावला याचं महत्त्व जास्त आहे. या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कामाला आहेत. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. माणूस मुंबईत, जमीन गावी, आणि नोटीस चावडीच्या भिंतीवर: या अंतरातून किती नावं परस्पर गळाली असतील याचा हिशोब कोणाकडेच नाही. आज गाव निवडून प्रलंबित फेरफार पाहता येतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन गावी आहे त्याने ते अधूनमधून करावं असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष वेबसाईट. महाभूलेख हे तिचं नाव. पान उघडलं की आधी जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचं. गट क्रमांक माहीत असेल तर तो टाकायचा, नसेल तर नावाने किंवा आडनावाने शोध घेता येतो. मोबाईल क्रमांक आणि पडद्यावरची अक्षरं भरली की उतारा समोर येतो. हा उतारा मोफत आहे, पण तो माहितीसाठी आहे आणि तसं त्यावर लिहिलेलं असतं. कामकाजासाठी चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा वेगळा. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, त्याचा आरंभ झाला. त्यासाठी १५ रुपये भरावे लागतात आणि त्यावर तलाठ्याच्या शाईच्या सहीची गरज नसते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा डिजिटल सहीला मान्यता देतो. उताऱ्यावरचा क्यूआर कोड किंवा पडताळणी क्रमांक वापरून तो खरा आहे की नाही हे बँक तिथल्या तिथे तपासू शकते. सेवा केंद्रांत अजूनही अनेकांना मोफतवाला उतारा छापून दिला जातो, तो बँकेत नाकारला जातो आणि मोडलेला दिवस परत येत नाही. फरक सांगायला एक वाक्य पुरतं, ते सांगितलं जायला हवं.

२०२० मध्ये उताऱ्याचं रूपही बदललं. गावाच्या नावापुढे सांकेतिक क्रमांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे दाखवून त्यांची एकूण बेरीज लिहिली जाऊ लागली. दोन खातेदारांच्या मध्ये ठिपक्यांची ओळ आली. प्रलंबित फेरफार असेल तर तोही दिसू लागला, त्यामुळे वादातली जमीन घेणाऱ्याला आधीच सावध होता येतं. आणि कमी केलेल्या नावांना नुसता कंस न ठेवता त्यावर आडवी रेघ मारली जाऊ लागली. बदल किरकोळ वाटतो. पण ज्याने धूसर झेरॉक्सवर कंस आहे की नाही हे डोळे ताणून पाहिलं आहे त्याला त्या रेघेची किंमत कळेल.

उतारा वाचताना ‘इतर हक्क’ हा रकाना आपल्या भागात विशेष काळजीने पाहावा. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांमुळे या पट्ट्यात पाणी आलं, द्राक्षं आणि टोमॅटो आले, पण लाभक्षेत्रातल्या अनेक गटांवर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ अशा नोंदीही चढल्या. अशी नोंद असेल तर जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. पश्चिमेकडे महादेव कोळी समाजाच्या जमिनींवर आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ चं बंधन असतं. शिवाय जुन्या बोलीतले शेरे असतातच. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मुलगा लहान असताना आईचं किंवा काकाचं नाव पालक म्हणून लागलेलं, आणि तो मुलगा आज साठीचा झाला तरी शेरा तसाच. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: थोरल्याच्या एकट्याच्या नावावर सगळ्या भावांची जमीन. कर्ज फिटून कितीतरी वर्षं झाली तरी बोजा उतरलेला नाही, असंही दिसतं. हे शेरे काढण्याचे अर्ज आता ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतात. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीमही राज्यभर राबवली गेली.

वेबसाईटने एक काम स्वतःहून केलं, आणि तेच तिचं मोठं काम मी मानतो. दप्तर तलाठ्याकडे होतं तोवर बहुतेक खातेदार सातबारा तेव्हाच पाहत जेव्हा कर्ज काढायचं असे. दप्तर उघडं झालं आणि माणसं सहज म्हणून आपली जमीन शोधू लागली. बहिणीला कळलं की वडिलांच्या मागे आपलं नाव लागलेलंच नाही. चुलत्याच्या वाट्याला जास्त आर लागल्याचं पुतण्याला दिसलं. आधार कार्डावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नसल्याचं पीएम किसानच्या हप्त्याच्या वेळी उमगलं. यातल्या बहुतेक चुका वेबसाईटने निर्माण केल्या नाहीत, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या होत्या. वेबसाईटने त्या ज्याच्या होत्या त्याला दाखवल्या.

ही उघडीक सगळ्यांपर्यंत सारखी पोचलेली नाही, हे मात्र ठामपणे सांगितलं पाहिजे. नारायणगाव, आळेफाटा, मंचर या पुणे-नाशिक महामार्गावरच्या गावांत नेटवर्क भरपूर आहे. आहुपे, घाटघर या सह्याद्रीच्या कडेच्या गावांत तसं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, स्थानासह तो पाठवायचा. अॅपमध्ये फोटो जतन करून नंतर नेटवर्कमध्ये येऊन पाठवण्याची सोय आहे, पण त्यासाठी चांगला फोन हवा आणि तो चालवणारा कोणीतरी घरात हवा. डोंगरपट्ट्यातली अनेक घरं फक्त म्हाताऱ्यांची उरली आहेत. आणि तिथे पीक म्हणजे केवळ भात आणि नाचणी नव्हे. हिरडा हा या आदिवासी घरांचा रोख पैसा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईसाठी जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींना किसान सभेच्या झेंड्याखाली दीर्घकाळ लढावं लागलं. झाडांची नोंद उताऱ्यावर नसेल तर पंचनाम्याला आधार उरत नाही. ज्या झाडावर घर चालतं ते झाड नमुना १२ मध्ये दिसलं पाहिजे, आणि ते दिसेल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी एकट्या शेतकऱ्याच्या फोनवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे सरकारी माणसाने पायी जाऊनच नोंद घ्यायला हवी.

सातबाऱ्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे ती मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. मालकी ठरते खरेदीखताने, वाटणीपत्राने, वारसाने, आणि वाद झाल्यास दिवाणी न्यायालयात. तसंच सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. हद्द असते नकाशात, आणि नकाशा भूमी अभिलेख खात्याच्या उपअधीक्षकांकडे. महसूल आणि भूमी अभिलेख या दोन कचेऱ्या वेगळ्या, त्यांच्या नोंदी वेगळ्या वाटांनी वाढल्या. १९४७ च्या कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हाच्या नकाशात आणि सातबाऱ्यात तफावत असेल तर वेबसाईट ती मिटवू शकत नाही. गटाचे नकाशे आता इंटरनेटवर पाहता येतात, प्रत्येक भूखंडाला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याचं कामही चालू आहे, पण बांधाचा वाद मोजणीनेच सुटतो.

आणि दोन्ही संगणकीकरणांच्या मागे जे उरलं ते अजून कपाटात आहे. ई-फेरफाराने संगणकात आणला तो चालू सातबारा. त्याआधीचे हस्तलिखित सातबारे, जुन्या फेरफार नोंदवह्या, त्याहूनही जुनी कडईपत्रकं तहसीलच्या अभिलेख कक्षात बांधलेल्या गठ्ठ्यांत आहेत. कुळाचा हक्क, आजोबांचं नाव, एखादी गाळलेली शाखा शोधायची तर तिथेच अर्ज करून नक्कल मागावी लागते. काही जिल्ह्यांच्या अशा जुन्या कागदांच्या छायाप्रती ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आल्या आहेत. या कपाटांची किंमत २०२३ मध्ये सगळ्या राज्याला एकदम कळली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना तालुक्या-तालुक्यांतले गठ्ठे सोडले गेले आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्हा प्रशासनांनी संकेतस्थळांवर टाकल्या. त्यातली बरीच पानं मोडीत होती. मोडी वाचणारी माणसं मोजकीच, त्यामुळे प्रशासनाला मोडीचे जाणकार शोधत फिरावं लागलं. जुन्या पानांचं तिसरं संगणकीकरण व्हायचं असेल तर यंत्राआधी ती माणसं तयार करावी लागतील.